चेहरा पोरीचा दाखविता, मग कारखान्याचे नाव का झाकता?

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, परळी या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. भांडी, पीठ, शेळ्या, म्हातारी माणसे, पोरेबाळे सगळे एकाच ट्रॉलीत. त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यात आणखी एक हंगाम सुरू होतो. तो फोटोचा! बालहक्कांवर काम करणाऱ्या संस्थांची माणसे मोबाइल, कॅमेरे आणि हल्ली ड्रोन घेऊन टोळ्यांच्या मागे फडापर्यंत जातात. पाचटात उभी असलेली सात-आठ वर्षांची पोर, हातात कोयता, केसांत धूळ. असा फोटो सकाळी निघतो आणि संध्याकाळपर्यंत फेसबुक, इन्स्टाग्रामवर झळकतो. खाली इंग्रजीत दोन ओळी आणि देणगी कोठे पाठवायची त्याचा पत्ता.

या कामाला आता रीतसर हुद्दा मिळाला आहे. डिजिटल कम्युनिकेशन ऑफिसर! ग्रामीण भागातील एखादी संस्थादेखील आज असा एक माणूस ठेवते. हा माणूस बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. समाजकार्याची किंवा पत्रकारितेची पदवी घेतलेला, तुटपुंज्या मानधनावर राबणारा, मोबाइल हाताळण्यात तरबेज. आम्ही वकिली करीत असल्यामुळे ही पोरे अधूनमधून आमच्याकडे येतात. ‘जयभीम सर, हा फोटो टाकला तर चालेल का?’ असे विचारतात. दहांपैकी नऊ वेळा आमचे उत्तर ‘नाही’ असते. ते उत्तर विस्ताराने मांडावे म्हणून हा लेख.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संस्था वाईट आहेत असे आम्हाला म्हणावयाचे नाही. रात्री अकरा वाजता फोन आला म्हणून मोटारसायकलवर वीस कोस जाऊन लग्न थांबविणारे कार्यकर्ते आम्ही याच जिल्ह्यात पाहिले आहेत. त्यासाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या, प्रसंगी मारही खाल्ला. वाद त्यांच्या कामाबद्दल नाही. त्या कामाचे जे चित्र जगापुढे ठेवले जाते त्याबद्दल आहे. या चित्रात पोरीचा चेहरा असतो, बापाचा फाटका सदरा असतो, आईचा डोळ्यांना लावलेला पदर असतो. कारखान्याचे नाव मात्र नसते. उचल देऊन अख्खे कुटुंब बांधून घेणारा मुकादम नसतो. ज्याने वेळेवर काही केले नाही तो अधिकारी नसतो. असलाच तर तो फोटोच्या मध्यभागी, पाहुणा म्हणून!

सर्वांत गंभीर प्रकार आहे तो ‘बालविवाह रोखला’ या फोटोचा. हळद लागलेली मुलगी, मुंडावळ्या तशाच, एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला ग्रामसेवक, मागे संस्थेचा फलक. आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ मधील कलम २(१४) नुसार ज्या मुलीचे लग्न वयाआधी लावले जाण्याचा धोका अगदी समोर आहे, ती ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. आणि कलम ७४ सांगते की अशा बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील वृत्तपत्रात, दृकश्राव्य माध्यमात वा संपर्काच्या अन्य कोणत्याही प्रकारात प्रसिद्ध करता येणार नाही. छायाचित्र तर नाहीच नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे एक गुन्हा रोखल्याचा पुरावा म्हणून दुसरा गुन्हा केला जातो, आणि तोही पोलिसांच्या साक्षीने!

काही संस्थाचालक यावर युक्तिवाद करतात की, हे कलम चौकशी चालू असलेल्या प्रकरणाला लागू आहे, आमच्या प्रकरणात चौकशी कुठे होती? साहेब, लग्न थांबवून मुलीला बाल कल्याण समितीपुढे उभे केले, आईबापाकडून हमीपत्र घेतले, ती चौकशी नव्हे तर काय होते? प्रसिद्धीला परवानगी देण्याचा अधिकार समितीला आहे. पण तो बालकाचे हित पाहून आणि कारणे लेखी नोंदवून. संस्थेच्या वार्षिक अहवालाची शोभा हे कारण कायद्यात नाही.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात कायदा आणखी कडक आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम २३ नाव, पत्ता, छायाचित्र यांच्याबरोबर कुटुंबाचा तपशील, शाळा आणि शेजारपाजारसुद्धा झाकावयास सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना प्रकरणात समाजमाध्यमांचाही स्पष्ट उल्लेख करून बजावले की पीडितेची ओळख दूरान्वयानेही उघड होता कामा नये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कठुआ प्रकरणातील बालिकेची ओळख उघड करणाऱ्या बारा माध्यमसंस्थांना दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये भरावयास लावले होते. देशातील मोठमोठ्या माध्यमांना जे चुकले नाही, ते केजच्या किंवा धारूरच्या संस्थेला चुकेल असे कोणी समजू नये.

कायद्याचे पुस्तक बाजूला ठेवू. मुलीचे पुढे काय होते?

काही वर्षांपूर्वी एका मुलीचे मामा आमच्याकडे आले. गाव, तालुका, साल आम्ही सांगणार नाही. सांगितले तर ज्याच्याविरुद्ध लिहीत आहोत तेच आमच्या हातून होईल. या मुलीचे लग्न पंधराव्या वर्षी थांबविले गेले होते. ते योग्यच झाले. मुलगी पुढे शिकली, बारावी झाली, परगावी नर्सिंगला गेली. तेथे वसतिगृहातील एका मुलीच्या मोबाइलवर तिचा तो जुना फोटो आला. संस्थेने आपल्या वर्धापनदिनानिमित्त जुन्या यशोगाथा पुन्हा टाकल्या होत्या. डोळ्यांवर काळी पट्टी मारली होती, असे संस्थेचे म्हणणे. पट्टी होती, खरे आहे. पण शेजारी बाप उभा होता, त्याला पट्टी नव्हती. आणि मागे गावाच्या शाळेची पाटी अक्षर न् अक्षर वाचता येत होती! आम्ही नोटीस पाठविली. फोटो काढला गेला. तोवर तो नात्यागोत्यातील किती व्हॉट्सअॅप गटांत फिरला होता कोण मोजणार? मुलीने मामाला एकच विचारले, ‘मी नवरी झालेच नाही, मग नवरीचा फोटो का फिरतोय?’ या प्रश्नाला आमच्या नोटिशीत उत्तर नव्हते.

संस्था म्हणते, आम्ही संमती घेतली होती. ही संमती कशी घेतली जाते तेही पाहण्यासारखे आहे. कागद इंग्रजीत. खाली आईचा अंगठा. कधी अंगठ्याच्या आधी ब्लँकेट किंवा दप्तर वाटले जाते, कधी नंतर. ‘ताई, फोटो काढू का?’ ‘काढा की दादा, त्यात काय.’ झाली संमती! ज्या बाईने मुकादमाच्या को-या कागदावर उचलीसाठी अंगठा दिला आहे, तिला दुसऱ्या कागदावर अंगठा देताना ‘नाही’ म्हणता येते हे कोणी सांगितलेले असते काय? मोठ्या शहरातील लोक तिच्या लेकीविषयी इंग्रजीत काय वाचणार आहेत, हे तिला मराठीत वाचून दाखविले काय? आणि मुलीला कोणी विचारले? संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार, जो भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केला, त्याचे कलम १२ सांगते की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्याचे मत त्याच्या वयाप्रमाणे विचारात घेतले पाहिजे. कलम १६ त्याच्या खासगीपणाला संरक्षण देते. ज्या कराराच्या नावाने संस्था नोंदविली, त्याच करारातील ही दोन कलमे फोटो काढताना विसरली जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करावयाच्या आहेत. तेव्हा संस्थांनी अंगठ्यांचे ते गठ्ठे आताच काढून तपासलेले बरे.

यात त्या पगारी पोराचा दोष किती? फारच थोडा. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ आले, कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के हिस्सा सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले आणि संस्थांच्या दारात नवा पाहुणा आला. त्याला तिमाही अहवाल हवा, अहवालात फोटो हवेत, फोटोत मुले हवीत. ‘अजून जरा बोलका फोटो नाही का?’ असा निरोप मुख्य कार्यालयातून येतो. बोलका म्हणजे रडका! एकाने आम्हाला सांगितले, ‘सर, पोरगी हसत होती, तो फोटो परत आला.’ आता काही जण कृत्रिम बुद्धिमत्तेने गरीब मुलांची चित्रे तयार करून वापरतात म्हणे. म्हणजे आमच्या दारिद्र्यासाठी आम्ही हजर असण्याचीही गरज उरली नाही.

मूळ दुखणे वेगळेच आहे. पोरीचा चेहरा पाहून मुंबई-पुण्याच्या माणसाला काय कळते? ‘अरेरे, किती अडाणी आईबाप!’ एवढेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. राज्याचा आकडा सुमारे २२ टक्के आहे. दुप्पट! बीडचे आईबाप राज्यातील इतर आईबापांपेक्षा दुप्पट अडाणी आहेत काय? नाही. ऊसतोडीचा हिशेब जोडप्यावर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला मुकादम अर्धा कोयता धरतो, लग्न झाले की पूर्ण कोयता आणि पूर्ण उचल. इकडे मुलगी वयात आली की तिला गावी कोणाच्या भरवशावर ठेवावी हा प्रश्न, आणि कोपीवर न्यावी तर ना दार ना कडी. मग हंगामाआधी लग्न. याला अज्ञान म्हणून कसे चालेल? साखर उद्योगाची मजूर भरतीची पद्धतच वयाआधीची लग्ने घडवून आणते. त्यात भूमिहीन दलित, बंजारा, वंजारी कुटुंबे भरडली जातात आणि फोटोखालच्या ओळीत जात कधीच येत नाही, ‘वंचित समुदाय’ असा गुळगुळीत शब्द येतो. हे सारे एका चेहऱ्यात मावत नाही. चेहरा दाखविला की उद्योग सुटतो.

उलट जेथे उद्योगाकडे बोट गेले तेथे काय झाले ते आठवा. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढले गेल्याचे समोर आले. त्या आकड्याने शासनाला जे उत्तर द्यावे लागले ते कोणा एका बाईच्या रडक्या फोटोने द्यावे लागले नसते. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने याच ऊसफडांविषयी मोठा वृत्तान्त छापला. त्यात बालविवाह होते, कर्जाची वेठ होती, शस्त्रक्रिया होत्या. पण जगभर खळबळ माजली ती कोकाकोला आणि पेप्सी ही नावे आली म्हणून. आमच्या जिल्ह्यातील किती संस्थांनी आपल्या पानावर एका तरी कारखान्याचे नाव लिहिले आहे? कसे लिहितील? कारखानदार, आमदार, शिक्षणसम्राट आणि कधी कधी संस्थेच्या कार्यक्रमाचा अध्यक्ष, एकच माणूस असतो!

येथे आमचेच कार्यकर्ते आम्हाला अडवतील. म्हणतील, वकीलसाहेब, फोटोच नसते तर खैरलांजी जगाला कळली असती काय? प्रश्न रास्त आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांना कित्येक दिवस त्यात बातमी दिसली नाही. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी पत्रके काढली, छायाचित्रे हातोहात पोहोचविली, ई-मेल पाठविले, तेव्हा कोठे महाराष्ट्र हलला. अत्याचार झाकणाऱ्या समाजात छायाचित्र हे आमचे शस्त्र होते, हे आम्ही नाकारीत नाही. ओळख लपविण्याचा कायदा पुढे करून अत्याचारच लपविण्याचे प्रकारही होतात. त्यालाही आमचा विरोधच आहे.

पण दोन गोष्टींत फरक केला पाहिजे. तो फोटो आपल्याच माणसांनी, आरोपीकडे बोट दाखविण्यासाठी, मेलेल्यांना न्याय मिळावा म्हणून काढलेला होता. संस्थेचा फोटो जिवंत पोरीचा असतो, तिला उद्या त्याच गावात राहायचे असते, आणि त्यात आरोपी कोणी नसतोच. दुसरे असे की, फोटो म्हणजे पुरावा नव्हे. एप्रिल २०१४ मध्ये आमच्या जिल्ह्याच्या शिवेजवळच खर्डा (ता. जामखेड) येथे सतरा वर्षांच्या आपल्या विद्यार्थ्याचा जीव घेतला गेला. त्याचे छायाचित्र गावोगावच्या फलकांवर आणि असंख्य मोबाइलवर होते. न्यायालयात मात्र साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. फोटो पुढे पाठविणाऱ्यांपैकी किती जण साक्षीदारांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी नगरच्या न्यायालयात तारखेला गेले होते? जखमेचे छायाचित्र पोलीस ठाण्यात द्या, आयोगाकडे द्या, न्यायालयात दाखल करा. तेथे त्याची किंमत आहे.

‘आम्ही मुक्यांचा आवाज आहोत’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक संस्थेच्या पानावर सापडते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तो दुसऱ्या कोणी दया दाखवून आमच्या वतीने बोलावे म्हणून नव्हे. आमचे आम्ही बोलावे म्हणून. ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ याच वाटेने गेले. उत्तर प्रदेशात चित्रकूटकडे दलित व अन्य वंचित स्त्रियांनी २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ सुरू केले, आज त्या मोबाइलवर चित्रफिती काढून गावचा रस्ता, पाणी, बलात्काराची न नोंदविलेली तक्रार दाखवितात. दिल्लीत रस्त्यावर राहणारी व कष्टाची कामे करणारी मुले २००३ पासून ‘बालकनामा’ हे आपले वृत्तपत्र काढीत आली आहेत. आमच्या बीडच्या पोरांना हे जमणार नाही काय? एकदा हंगामी वसतिगृहातील दोन-चार मुलांना आम्ही सहज विचारले, तुमच्याकडे कॅमेरा दिला तर कशाचा फोटो काढाल? एक म्हणाला, वरणाचा. दुसरी म्हणाली, संडासाच्या दाराचा, त्याला कडी नाही. तिसऱ्याने बराच विचार करून सांगितले, माझ्या बैलाचा. स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो कोणी सांगितला नाही! वरण आणि कडी, यांत बालहक्काचा अख्खा अहवाल आला. बैलाचे आम्हालाही आवडले.

तेव्हा संस्थांमधून काम करणाऱ्या आमच्या तरुणांना आमचे सांगणे असे की, मोबाइल खाली ठेवू नका, त्याचे तोंड फिरवा. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम ९(ट) स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकते. टोळी निघण्याआधी किती मुलांना शिक्षण हमी पत्रक मिळाले आणि कारखान्याच्या गावी किती शाळांनी ते स्वीकारले, हे माहितीच्या अधिकारात मागा आणि उत्तर जसेच्या तसे प्रसिद्ध करा. उत्तर आले नाही तर अर्जाची पोच प्रसिद्ध करा. कोणत्या कारखान्याच्या तळावर पाणी नाही, दिवा नाही, साखरशाळा नाही, ते कारखान्याच्या नावानिशी आणि गळीत हंगामाच्या सालासह लिहा. (आरोप नव्हे, पाहिलेली वस्तुस्थिती आणि कागद. अब्रुनुकसानीच्या नोटिशीला कागदच उत्तर देतो.) ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, हे अजून निम्म्या गावाला ठाऊक नसते. ते मराठीत आणि तांड्यावर गोरमाटीत सांगणारी एक मिनिटाची ध्वनिफीत कोपीवरच्या साध्या मोबाइलवरही वाजते. १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, २०२३ पासून तो संस्थांकडून शासनाच्या महिला व बालविकास यंत्रणेकडे आला आहे. रात्री तो उचलला जातो काय, किती वेळाने माणूस पोहोचतो, याची नोंद ठेवा आणि दर महिन्याला जाहीर करा. केंद्र सरकारने २७ नोव्हेंबर २०२४ रोजी बालविवाहमुक्त भारत मोहीम आणि तिचे संकेतस्थळ सुरू केले. तेथे केलेल्या बीडच्या तक्रारींचे काय झाले, तेही विचारा. या सगळ्याला देणग्या कमी मिळतील, हे आम्हाला कळते. देणगीदाराला हे पटवून देणे हेच तर तुमच्या हुद्द्याचे काम आहे.

आमच्या परीने आम्ही एक काम हाती घेतले आहे. कलम ७४ च्या परंतुकाखाली बीडच्या बाल कल्याण समितीने गेल्या पाच वर्षांत प्रसिद्धीसाठी लेखी परवानगी किती प्रकरणांत दिली, असा माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात दाखल करीत आहोत. उत्तर आले की याच स्तंभात छापू. ज्या वाचकांच्या पाहण्यात असे फोटो आले असतील त्यांनी संस्थेच्या पानाचे नाव, टाकल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून आमच्याकडे द्यावी. फोटो मात्र कृपा करून आम्हाला पाठवू नये.